खंडेनवमीला पुसलेल्या फायली

१

निरोप आला तेव्हा पुंडलिक मिराशी अंगणात पाटावर बसून केस कापून घेत होते आणि काम निम्म्यावर आलं होतं.

"अण्णा, सोसायटीत चोरी झालीया. बाबुरावांनी बोलवलंय," झिलू शिपाई फाटकातूनच म्हणाला.

"काय गेलं?"

"फाइल."

"कपाट फोडलं?"

"कपाट हाय तसं हाय. कंप्युटरच्या पेटीतली फाइल गेलीया."

"मग पेटी फोडली?"

"पेटीबी हाय तशीच हाय."

"आणि दाराचं कुलूप?"

"त्येबी."

पुंडलिकरावांनी न्हाव्याला हात थांबवायला सांगितला. टपाल खात्यात इन्स्पेक्टर म्हणून त्यांची उभी हयात हरवलेली पार्सलं आणि फुटलेल्या थैल्या शोधण्यात गेली होती. निवृत्त होऊन जोयड्याला राहायला आल्यावर इथल्या मध आणि वनउपज सोसायटीने त्यांना आपल्या मंडळावर घेतलं होतं. पण कुलूप शाबूत, पेटी शाबूत आणि माल मात्र गायब, असलं प्रकरण त्यांच्या अख्ख्या नोकरीत आलं नव्हतं. उरलेलं डोकं कसंबसं उरकून, मानेवरचे केस झटकत ते निघाले.

दसरा नुकताच सरला होता. सोसायटीच्या कचेरीत कंप्युटरच्या गळ्यात झेंडूचा सुकलेला हार होता आणि मशीन बंद होतं. शेजारच्या खुर्चीत बेळगावचा वासू शहापूरकर कपाळाला हात लावून बसला होता. सोसायटीचा 'मापाडी' नावाचा प्रोग्राम त्यानेच लिहिला होता. मध, शिकेकाई, मुरगल म्हणजे इथलं कोकम, असा जो माल सभासद आणत, त्याचं वजन त्यात भरलं की पावती छापून बाहेर यायची. सभासदांना त्याचं अजून कौतुक होतं.

"आमच्या शांतीनं मापाडी पुसला, अण्णा," चेअरमन बाबुराव म्हणाले. ते रामनगरचे, भात आणि भुसार मालाचे व्यापारी. मनाने वाईट नव्हते, पण त्यांचा निकाल आधी लागायचा आणि चौकशी मागून व्हायची.

"मापाडी चालतोय की," दाराशी उभी असलेली शांती म्हणाली. "सकाळी ह्यांनीच चालवून बघितला."

"चालतोय, पण त्यात काडीचाही बदल करता येणार नाही," वासू म्हणाला. "त्याचा मूळ मजकूर गेलाय. यंदा मालाच्या यादीत दालचिनी घालायची म्हणून आलो, तर मूळच नाही."

शांती वेलिप नंदिगड्ड्यापलीकडच्या वाडीतली, कुणब्याची मुलगी. दांडेलीला मावशीकडे राहून तिने कंप्युटरचा क्लास केला होता आणि ही नोकरी मिळवली होती. संध्याकाळी मंडळाची बैठक होती. तिला काढायचं ठरल्यातच जमा होतं, फक्त नियमाला धरून कुणीतरी चौकशी केली असं दाखवायला हवं होतं. मशीनची नासधूस करणारी म्हणून एकदा नाव झालं, की दांडेलीपर्यंत कुणी तिला दारात उभं करणार नव्हतं. तिच्या चेहऱ्याकडे बघून पुंडलिकरावांना वाटलं, हिला हे पुरतं ठाऊक आहे. खरं सांगायचं तर, चूक हिचीच असणार असंही त्यांना तेव्हा वाटत होतं.

"जी फाइल मी पुसली म्हणत्यात," ती शांतपणे म्हणाली, "ती मी त्या मशिनात कधी बघितलीच न्हाई, अण्णा."

२

पुंडलिकरावांनी आधी वासूला आतल्या खोलीत नेलं, मधाच्या डब्यांच्या आड.

"मला अडाणी समजून सांग. मूळ मजकूर म्हणजे काय?"

"मी इंग्रजी अक्षरांत हुकूम लिहितो, तो मूळ मजकूर," वासू म्हणाला. "त्याच्या फाइलच्या नावाला पीआरजी अशी शेपटी असते. मशीनला तो कळत नाही. मग त्याचं मशीनच्या भाषेत रूपांतर करायचं, तुकड्यातुकड्यानं. त्या तुकड्यांची शेपटी ओबीजे. ते तुकडे जोडले की चालणारा मापाडी तयार होतोय."

"आणि मापाडीवरनं मूळ मजकूर परत काढता येत न्हाई?"

"पिठाचे परत गहू होतात काय?"

हे पुंडलिकरावांना कळलं, किंवा कळल्यासारखं वाटलं. "तुझ्याकडं नक्कल असंल की."

वासूने पिशवीतून एक फ्लॉपी काढून दाखवली. तिच्या काळ्या तबकडीवर पांढरी बुरशी फुलली होती. जोयड्याच्या पावसात चामडी चपलेला आणि देवाच्या पोथीलाही बुरशी धरते, तिथे फ्लॉपीची काय कथा. बेळगावात तो ज्या क्लासमध्ये शिकवायचा तो बंद पडला होता आणि स्वतःचं मशीन त्याच्याकडे नव्हतं. जे काही होतं ते इथल्याच मशीनमध्ये होतं.

"मग आता?"

"पहिल्यापासून लिहायचं. मशीन संध्याकाळच्या जीपनं बेळगावला नेतो, मित्राकडं बसून लिहितो. तोवर कुणी बटणाला हात लावायचा नाही. शांतीनं तर नाहीच नाही." बाहेर पडतानाही त्याने तेच बजावलं आणि दाराशी थांबून पुन्हा एकदा बजावलं.

मग शांती आली.

"बाबुरावदादा म्हणाले, उद्या खंडेनवमी हाय, कंप्युटर आतनं-बाहेरनं स्वच्छ कर," ती सांगू लागली. यात नवल काही नव्हतं. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी कोयते, नांगर, तराजू सगळं घासून-पुसून ठेवायचं, पूजा मांडायची आणि दसरा सरेपर्यंत त्या हत्याराला हात लावायचा नाही, हा इथला घरोघरचा रिवाज. कंप्युटर आल्यापासून तोही हत्यारांत मोडत होता. "बाहेरनं फडक्यानं पुसला. आत वासूसायबांच्या ओबीजे शेपटीच्या फायली साठलेल्या. वजनाच्या दिवशी मशीन सारखं म्हणायचं, जागा न्हाई. त्या फायली म्हणजे सेंट्रिंगच्या फळ्या, अण्णा. स्लॅब वाळला की फळ्या काढत्यात का न्हाई?"

"पण वासूनं तुला काढू दिल्या?"

"न्हाई. ते म्हणायचे, त्या गेल्या तर मापाडी बंद पडंल. आमच्या क्लासात मात्र उलटं शिकवलं होतं. मी ह्या खेपेला क्लासचं ऐकलं. आणि सकाळी मापाडी चालला, बघा."

पुंडलिकराव डोकं खाजवत बसले. कापलेले केस मानेला टोचत होते. पीआरजी, ओबीजे, फळ्या, पीठ, सगळ्याचा त्यांच्या डोक्यात काला झाला होता. एक सांगतो, फाइल होती आणि गेली. दुसरी सांगते, ती कधी नव्हतीच. आणि जे नाहीसं झालंय ते कसं दिसतं, हे त्यांना स्वतःला ठाऊक नव्हतं.

इतक्यात बाबुरावांनी दारातून डोकं आत घातलं. "अण्णा, एक सांगायचं ऱ्हायलं," ते खालच्या आवाजात म्हणाले. "सुट्टीत किल्ली शंकरकडं होती."

३

शंकर सोसायटीचा सेक्रेटरी. त्याची भाची तारा हिनेही दांडेलीला तोच क्लास केला होता आणि शांतीच्या जागेसाठी त्याने तिचं नाव पुढे केलं होतं. ते जमलं नाही, त्याचा राग त्याने लपवलाही नव्हता.

"व्हय, दसऱ्याच्या दिवशी मी आलोतो," तो म्हणाला. "दिवा लावून गेलो. देवाचं काम कुणी तरी कराय नको?"

"मशीनला हात लावलास?"

"खंडेनवमीची पूजा मांडलेली. मी काय परधर्मी हाय काय, अण्णा?" त्याचा आवाज चढला. "भाचीसाठी सगळ्यांच्या तोंडावर भांडलो मी. असलं मागनं करीन काय?"

माणूस खरं बोलतोय की नुसता चिडलाय, ते पुंडलिकरावांना कळेना. त्याने उत्तरं झटपट दिली होती, आणि झटपट उत्तर देणाऱ्या किती तरी पोस्टमननी त्यांना आयुष्यात फसवलं होतं. ते मशीनपाशी जाऊन हार, अक्षता, उदबत्तीची राख बघत उभे राहिले. झिलू चहाचा कप घेऊन आला.

"त्या बटणावर काय लागलंय रे?"

"कुंकू. शांतीनं पूजेला बोट लावलंतं. वाळून खडा झालंतं. सकाळी वासूसायबानं बटण दाबलं तवा त्येंचं बोट लाल झालं. पँटीला पुसलं त्यांनी."

"त्याच्या आधी कुंकू मोडलेलं न्हवतं? नक्की?"

"हार सरकवाय मीच गेलोतो की. गोल टिकली हाय तशी होती. मोडलेली पूजा मी बघून गप बसलो असतो व्हय?"

पुंडलिकरावांनी व्हरांड्याकडे नजर टाकली. वासू कठड्याला टेकून उभा होता आणि त्याच्या करड्या पँटवर मांडीपाशी लालसर ओरखडा दिसत होता.

म्हणजे पूजा मांडल्यापासून वासू येईपर्यंत मशीन कुणीच सुरू केलं नव्हतं. शंकर सुटला. पण त्याच वेळी शांती आणखी घट्ट अडकली, कारण शेवटचा हात तिचाच लागला होता. पुंडलिकराव चहा तसाच ठेवून बाकावर बसले. चौकशी करून आपण पोरीचं नुकसानच केलं, असं त्यांना वाटू लागलं आणि फार वाईट वाटलं.

झिलू तिथेच घुटमळत होता. "अण्णा, मला वाटतंय ह्यो सगळा मशीनचा शाप हाय," तो म्हणाला. "त्या दिवशी ते रडत होतं."

४

"कोण रडत होतं?"

"मशीन. मी तोरण बांधत होतो. शांती एकेक फाइल उघडून बघायची, मग पुढची. उघडली की पडद्यावर किडामुंगी पसरल्यागत चिन्हं, आणि मशीन टीं-टीं करून बोंबलायचं. मी हात जोडलं. म्हटलं, पुसू नको बाय त्येला, दुखतंय."

"सगळ्या फायली रडल्या?"

झिलूने आठवून पाहिलं. "शेवटची न्हाई. ती गप. शंकररावांनी फुलांच्या टोपल्या उतराय हाक मारली म्हणून शांती दाराकडं गेली, आणि इकडं पडदा आपला वर सरकतोय. किडामुंगी न्हाई, नीट ओळी, शाळेतल्या इंग्रजी पुस्तकागत. बराच वेळ चाललंतं. बाबुराव घाई करालते, मग ती आली आन् सगळं एकदम पुसलं."

पुंडलिकराव शांतीकडे गेले. "फाइल उघडली की मशीन ओरडतं कशानं?"

"ओबीजे माणसानं वाचायची फाइल न्हवं. तिच्यात कायबी भरलेलं असतंय, त्यातलं एखादं चिन्ह घंटीचं असतं. ते आलं की वाजतंय."

"आणि न वाजणारी, सरळ ओळींची?"

"ती माणसानं लिहिलेली असणार. पण ओबीजेत तसलं कसं..." शांती बोलता बोलता थांबली.

"तू शेवटची बघितलीस?"

"न्हाई. मी फुलं उतरून आले, वर सरकून गेलेलं बघितलंच न्हाई."

पुंडलिकराव मागच्या पायरीवर जाऊन बसले. डोक्यातला काला अजून निवळला नव्हता, पण त्यात एक खडा हाताला लागला होता. त्यांनी कंप्युटर बाजूला ठेवला आणि माणसाचा विचार केला, कारण माणसं त्यांना कळत. थैली जळून राख झाली की पोस्टमास्तर तिच्याकडे ढुंकून बघत नाही. 'थैलीला हात लावू नका' असं तो कधी म्हणतो? माल अजून आतच आहे असं त्याला वाटत असतं तेव्हा. मग गेलेल्या फाइलसाठी वासू त्या बटणाची राखण का करत होता?

ते परत आत आले. "शांती, पुसलेली फाइल जाती कुठं?"

"लगीच कुठं जात न्हाई. मशीन तिच्या नावाचं पहिलं अक्षर खोडतंय आणि ही जागा मोकळी म्हणून नोंदून ठेवतंय. त्या जागेवर दुसरं काय लिहिलं की मग ती गेली."

"आणि लिहिलं न्हाई तर?"

"परत आणता येती. डॉसमध्ये तसला हुकूम हाय."

"मग तू का न्हाई आणलीस?"

"मी फळ्याच टाकल्या, अण्णा. टाकलेल्या फळ्या कोण परत आणतंय? आणि सकाळपास्नं मला खुर्चीला शिवू दिलेलं न्हाई."

बाहेर जीपचा हॉर्न वाजला. वासू आणि ड्रायव्हर मशीनला सुतळी गुंडाळत होते.

५

"सुतळी सोडा," पुंडलिकराव म्हणाले.

बैठकीला आलेले संचालक मागच्या बाकांवर बसले. बाबुराव वैतागले होते. शंकर हाताची घडी घालून उभा होता. वासूच्या कपाळावर घाम आला होता.

"अण्णा, मशीन लावलं तर काम आणखी बिघडंल," तो म्हणाला.

"काय बिघडंल? फाइल तर गेलीया म्हणतोस."

वासू सुतळीची गाठ चाचपू लागला. बाबुरावांना सकाळपासून पहिल्यांदाच शंका आली असावी, कारण ते पुढे सरकले आणि म्हणाले, "लावा मशीन."

शांती खुर्चीत बसली. तिने हुकूम दिला, आणि खंडेनवमीच्या आदल्या दिवशी पुसलेल्या फायलींची नावं हिरव्या अक्षरांत पडद्यावर उतरली. प्रत्येकाचं पहिलं अक्षर गेलेलं. पूजेमुळे मशीनला कुणी हात लावला नव्हता, सकाळी वासूनेही मापाडी नुसता चालवून बघून, वजन न भरताच मशीन बंद केलं होतं, म्हणून त्यांच्या जागेवर दुसरं काही लिहिलं गेलं नव्हतं.

"शंकर, तुला इंग्रजी येतंय. शेपट्या वाच," पुंडलिकराव म्हणाले. "पीआरजी शेपटीचं एक तरी नाव हाय?"

शंकरने चष्मा लावून सगळी यादी वरपासून खालपर्यंत पाहिली. शांतीचं भलं व्हावं असं त्याच्या मनात असण्याचं काही कारण नव्हतं, म्हणूनच त्यालाच वाचायला लावलं होतं. "न्हाई," तो म्हणाला. "सगळी ओबीजे."

"म्हणजे शांतीनं पीआरजी पुसलीच न्हाई. ती इथं न्हवतीच. पोरगी सकाळपास्नं तेच सांगालीया." पुंडलिकराव वासूकडे वळले. "तरीपण तू दालचिनी घालायला आलास, ते मूळ मजकूर इथंच हाय ह्या भरवशावर आलास. फळ्या काढल्या तर घर पडंल असं तू शांतीला सांगितलंस, आणि फळ्या काढूनबी घर उभं हाय. मग त्या फळ्यांत तुझं काय होतं?"

शांतीने एक फाइल परत आणली. पहिलं अक्षर मशीनने विचारलं, ते तिने आपल्या मनाने घातलं, कुठलंही चालतं. फाइल उघडली तर मशीन टीं-टीं करून ओरडलं आणि मागच्या बाकावरचा एक म्हातारा संचालक दचकला. दुसरी ओरडली. तिसरीही. मग तिने यादीतली सगळ्यात मोठी फाइल आणली.

ती ओरडली नाही. पडदा सरकत राहिला, ओळीमागून ओळ, अगदी नीट. मध, शिकेकाई, मुरगल ही नावं इंग्रजी अक्षरांत येत-जात होती. झिलू दारातून म्हणाला, "हीच. हीच गप बसलीती."

"शेपटी बदलून कचऱ्यात ठेवलंस," पुंडलिकराव म्हणाले. "कचऱ्यात कोण बघतंय, म्हणून. आता मशीन बेळगावला न्यायचं, हीच फाइल गुपचूप परत आणायची आणि नव्यानं लिहिली म्हणून सांगायचं. बरोबर काय?"

वासूने होकारार्थी मान हलवली. "मूळ मजकूर हातात दिला असता तर मला परत कुणी बोलवलं असतं? क्लास बंद पडला, अण्णा. हे एकच गिऱ्हाईक उरलंय मला. दांडेलीच्या कुठल्याही पोरानं दालचिनी घातली असती की."

"म्हणून पोरीवर घातलंस?"

"सकाळी फाइल दिसेना तेव्हा तोंडातनं निघून गेलं. मग सगळे तिलाच बोलू लागले, आणि मला मागं घेता येईना."

पुंडलिकरावांना वासूचा राग आला होता, पण त्याहून जास्त त्यांना स्वतःची लाज वाटली. मूळ मजकूर म्हणजे काय हे कळायच्या आधीच इथल्या प्रत्येकाने, त्यांच्यासकट, चूक कुणाची ते ठरवून टाकलं होतं.

"शांती," ते म्हणाले, "सकाळी मलाबी तुझंच चुकलं असं वाटलं होतं. तू सांगितलंस तवा मी ऐकाय पाहिजे होतं."

शांतीने नुसती मान डोलावली. डोळे भरून आले होते, ते तिने पदराच्या टोकाने टिपले आणि परत पडद्याकडे वळली.

बाबुराव मात्र पेटले होते. "पोरी, उद्यापास्नं तू कामावर ये. आन् हे शहापूरकर, ह्यांनी आत्ताच्या आत्ता जीपमध्ये बसायचं. परत ह्या उंबऱ्यात पाय ठेवायचा न्हाई."

"उद्यापास्नं कशाला, दादा? मी कुठं गेले होते?" शांती म्हणाली. "आणि ह्यांना आत्ता घालवू नका."

"आँ? ह्यानं तुझं नाव घातलं खड्ड्यात, आन् तू..."

"त्येचा मला राग हाय. राहील." तिने पडद्यावरच्या ओळींकडे बोट केलं. "पण ह्यातलं मला निम्मंबी कळत न्हाई. ह्यांनी इथं बसून ओळ न ओळ मला समजावून सांगायची. दालचिनी मी घालणार. ती माझ्या हातानं चालू दे, मग जीपमध्ये बसवा न्हाईतर चालत पाठवा."

"मला शिकवायला लावतेस?" वासूला खरंच समजेना.

"सगळ्यांसमोर उलगडलं की लपवाय काय उरणार न्हाई मग," शांती म्हणाली. "तुमच्याकडं, आन् माझ्याकडंबी."

बाबुरावांनी पुंडलिकरावांकडे पाहिलं, पुंडलिकरावांनी शंकरकडे. शंकरने घसा खाकरला, आतल्या खोलीतून स्टूल आणलं आणि शांतीच्या खुर्चीशेजारी ठेवलं. वासू त्यावर बसला. त्याने पहिली ओळ वाचली, पण इतकी पुटपुटत की कुणालाच ऐकू गेली नाही.

"मोठ्यानं," शांती म्हणाली.